‘द ब्लूज ब्रदर्स’ : नाममात्र कथेचा, खऱ्याखुऱ्या धडकांचा चित्रपट

नेपरव्हिल परिसरात राहणाऱ्या मराठी माणसाच्या रोजच्या नकाशावर तीन ठिकाणे हमखास असतात. उत्तरेला व्हीटन, दक्षिणेला जोलिएट आणि पूर्वेला शिकागो. एका गाजलेल्या अमेरिकी चित्रपटाचा नकाशाही याच तीन ठिकाणांवर उभा आहे. त्याचा एक नायक व्हीटनमध्ये वाढला, त्याची कथा जोलिएटच्या तुरुंगाच्या दारात सुरू होते आणि तिचा कळस शिकागोच्या डेली प्लाझात होतो. २० जून १९८० रोजी प्रदर्शित झालेला जॉन लँडिस दिग्दर्शित ‘द ब्लूज ब्रदर्स’ हा तो चित्रपट. विनोद, संगीत आणि मोटारींचे पाठलाग यांचे हे मिश्रण. कथा विचाराल तर पोस्टकार्डावर मावेल एवढीच.

तरीही अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २०२० मध्ये राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश केला, म्हणजे सांस्कृतिक, ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वामुळे जतन करण्याजोगा म्हणून त्याची निवड झाली. इतक्या हलक्याफुलक्या चित्रपटाच्या वाट्याला हा मान का यावा, या प्रश्नाचे उत्तर कथेत सापडत नाही. पडद्यावर जे घडताना दिसते त्यातले बहुतेक सारे खरोखर, याच शहरात, कॅमेऱ्यापुढे घडले होते. चित्रपटाची मौज या खरेपणात आहे, त्याचे दस्तऐवजी मोलही त्यातच आहे, आणि अशा खरेपणाला किती किंमत मोजायची हा न संपणारा प्रश्नही तिथूनच उगवतो.

कथा, थोडक्यात

जेक ब्लूज (जॉन बेलुशी) जोलिएटच्या तुरुंगातून सुटतो. त्याचा भाऊ एलवूड (डॅन अ‍ॅक्रॉइड) त्याला न्यायला येतो तो पोलिसांनी लिलावात काढलेली जुनी गाडी घेऊन. दोघे ज्या कॅथलिक अनाथाश्रमात वाढले त्याचा ५,००० डॉलरचा मालमत्ता कर थकलेला आहे आणि तो भरला नाही तर आश्रम बंद होणार आहे. मग विखुरलेला जुना वाद्यवृंद पुन्हा जमवायचा, कार्यक्रम करायचा, पैसे मिळवायचे आणि मुदतीपूर्वी कुक काउंटीच्या कचेरीत भरायचे. वाटेत पोलीस मागे लागतात, एक कंट्री वाद्यवृंद मागे लागतो, इलिनॉयचे नाझी मागे लागतात आणि एक अनाम स्त्री (कॅरी फिशर) रॉकेटपासून आगीच्या झोतापर्यंत मिळेल ते शस्त्र घेऊन जेकच्या जिवावर उठते. बस, एवढेच.

मालमत्ता कराच्या बिलाने सारे रामायण घडावे, याची गंमत वर्षातून दोनदा ते बिल भरणाऱ्या नेपरव्हिलकरांना वेगळी समजावून सांगायला नको. शेवटी पैसे स्वीकारून पावती देणारा कारकून म्हणून दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग दिसतात, हीदेखील चित्रपटाच्या खोडकर वृत्तीला साजेशी बाब.

पटकथा मात्र मुळात एवढी आटोपशीर नव्हती. अ‍ॅक्रॉइड यांनी लिहिलेला पहिला खर्डा ३२४ पानांचा होता. हॉलिवूडची नेहमीची पटकथा साधारण १२० पानांची असते. ते बाड त्यांनी टेलिफोन डिरेक्टरीच्या वेष्टनात घालून निर्मात्याकडे धाडले, असे सांगतात. लँडिस यांनी त्यातले बरेचसे छाटले आणि गाणी व पाठलाग यांना धरून ठेवण्यापुरता धागा शिल्लक ठेवला. कथेचा हा बारीकपणा आळसातून आलेला नाही. कपडे वाळत घालायचे तर दोरी लागते, पण दोरीवर नक्षी काढत बसायचे कारण नसते.

व्हीटनचा मुलगा

जॉन बेलुशी यांचा जन्म १९४९ मध्ये शिकागोत झाला. वडील अल्बानियातून आलेले स्थलांतरित. कुटुंब व्हीटनला स्थायिक झाले आणि तिथल्या शाळेत जॉन फुटबॉल संघाचा सहकर्णधार होता. पुढे तो ‘कॉलेज ऑफ ड्युपेज’मध्ये शिकला. ग्लेन एलिन येथील या महाविद्यालयाच्या कलाकेंद्रातील मुख्य प्रेक्षागृहाला आज बेलुशी यांचे नाव आहे. आपल्यापैकी कित्येकांनी तिथे संगीत-नृत्याचे कार्यक्रम पाहिले असतील, पण दारावरचे ते नाव कोणाचे हे पाहिले असेलच असे नाही.

१९७१ मध्ये बेलुशी शिकागोच्या ‘सेकंड सिटी’ या विनोदी नाट्यसंस्थेत गेले आणि तिथून न्यूयॉर्कच्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात. कॅनडातल्या ओटावाचे अ‍ॅक्रॉइड तिथे त्यांचे सहकारी होते. ब्लूज संगीताचे वेड अ‍ॅक्रॉइड यांचे. बेलुशींना ते त्यांनीच लावले. काळा सूट, काळी हॅट, काळा चष्मा घातलेले हे दोन भाऊ १९७८ मध्ये त्याच कार्यक्रमात अवतरले. त्याच वर्षी त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली आणि ती विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. चित्रपट हे त्याचे पुढचे पाऊल.

शहराने रस्ते दिले

चित्रीकरण १९७९ च्या उन्हाळ्यात सुरू झाले, आणि ते शिकागोत होऊ शकले हीच तेव्हा नवलाची गोष्ट होती. १९५५ पासून १९७६ मध्ये मृत्यू येईपर्यंत महापौरपदी असलेल्या रिचर्ड जे. डेली यांच्या काळात शहराची, त्यातही पोलिसांची, प्रतिमा डागाळेल या भीतीने चित्रपटांना शिकागोचे रस्ते सहसा मिळत नसत. एप्रिल १९७९ मध्ये जेन बर्न महापौर झाल्या. जानेवारीतल्या भीषण हिमवादळात बर्फ वेळेवर उपसला गेला नाही म्हणून आधीच्या महापौरांवर नागरिक संतापले होते, त्या लाटेवर त्या निवडून आल्या. शिकागोच्या त्या पहिल्या महिला महापौर.

बेलुशी आणि निर्मितीसंस्थेची माणसे त्यांना भेटली आणि शहरातील अनाथ मुलांसाठी देणगी देण्याची तयारी त्यांनी दाखवली. परवानगी मिळाली. त्यानंतर बेलुशींनी चाचरत विचारले, की डेली सेंटरच्या इमारतीतून एक गाडी आरपार न्यायची आहे, तर चालेल का? बर्न यांनी तेही मान्य केले. ज्यांनी चित्रपटवाल्यांना वेशीवरच थोपवले होते त्या डेली यांच्याच नावाच्या इमारतीच्या दर्शनी काचा फोडून गाडी आत शिरली, हा नियतीचा विनोद पटकथेतल्या कुठल्याही विनोदापेक्षा मोठा आहे. ज्या काचा फुटायच्या होत्या तिथे चित्रीकरणासाठीच्या काचा बसवल्या होत्या, आणि सुटीच्या दिवशी मोकळ्या झालेल्या चौकात सुमारे ५०० माणसे, घोडेस्वार पोलीस, रणगाडे आणि हेलिकॉप्टर उभी केली होती. पिकासोचे ते ५० फुटी शिल्प या साऱ्याकडे स्थितप्रज्ञासारखे पाहत असते.

शिकागोला याचा पुढे लाभ झाला. ‘फेरिस ब्यूलर्स डे ऑफ’ (१९८६), ‘द अनटचेबल्स’ (१९८७), ‘द फ्युजिटिव्ह’ (१९९३) अशी रांग लागली. ‘द डार्क नाइट’ (२००८) या चित्रपटासाठी लासाल स्ट्रीटवर १८ चाकी ट्रक खरोखर उलटवला गेला, आणि गंमत म्हणजे तो चित्रपटही २०२० मध्येच राष्ट्रीय नोंदवहीत गेला. आमिर खानचा ‘धूम ३’ (२०१३) याच रस्त्यांवर आणि शिकागो नदीकाठी चित्रित झाला, तेव्हा आपल्याकडच्या प्रेक्षकांनाही हे शहर ओळखीचे झाले.

१०३ गाड्यांचा हिशेब

चित्रपटात १०३ गाड्या मोडल्या. त्या काळातला तो विक्रम होता. १९८२ च्या ‘द जंकमन’ने तो मोडला. लँडिस यांनी १९९८ मध्ये काढलेल्या दुसऱ्या भागात १०४ गाड्या मोडण्याचा हट्ट धरला, पण तो भाग पहिल्याच्या पासंगालाही पुरला नाही. नुसता आकडा वाढवून काम भागत नाही, याचा हा पुरावाच.

मूळ चित्रपटासाठी सुमारे ६० जुन्या पोलीस गाड्या प्रत्येकी ४०० डॉलरला विकत घेण्यात आल्या. भावांची गाडी म्हणून १९७४ च्या डॉज मोनॅको जातीच्या डझनभर गाड्या वापरल्या. एक वेगासाठी, एक उड्यांसाठी, तर एक शेवटी डेली सेंटरसमोर एका क्षणात खिळखिळी होऊन कोसळण्यासाठी. ती शेवटची गाडी तशी कोसळावी म्हणून एका मेकॅनिकने कित्येक महिने खपून तिची जोडणी केली होती. मोडलेल्या गाड्या पुन्हा उभ्या करायला चोवीस तास चालणारे गॅरेज होते आणि आठवड्याच्या अखेरीस सुमारे ४० स्टंट-चालक विमानाने आणले जात.

या कामाचे तंत्र ऐकायला सोपे आहे. गाडी उडवायची तर उताराची फळी लागते. ती एकाच बाजूच्या चाकांखाली आली की गाडी कलंडून पालथी होते. आत चालकाभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवलेला असतो आणि पट्ट्यांनी तो आसनाला जखडलेला असतो. अवघड असते ते वेग आणि अंतर यांचे गणित. ताशी ५ मैलांचा फरक पडला तर गाडी ठरल्या जागी न पडता कॅमेऱ्यावर किंवा माणसांवर पडू शकते. हे गणित मांडणारी आणि नंतर स्वतःच त्या आसनात बसणारी माणसे श्रेयनामावलीच्या अगदी तळाशी असतात.

सर्वांत बोलके उदाहरण लोअर वॅकर ड्राइव्हचे. मेट्रा गाडीने युनियन स्टेशनला उतरून नदीवरचा पूल ओलांडणाऱ्या प्रत्येकाला वॅकर ड्राइव्ह ठाऊक आहे. त्याच्याच पोटातून खालचा रस्ता जातो. तिथे गाड्या ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने पळवल्या गेल्या. चित्रण पाहिल्यावर दिग्दर्शकाच्या लक्षात आले, की चित्रफीत जलद फिरवून वेग वाढवल्याचा भास प्रेक्षकांना होईल. मग त्यांनी ते दृश्य पुन्हा घेतले आणि या वेळी पदपथावर माणसे उभी केली. गाड्या वाऱ्यासारख्या जातात आणि माणसे मात्र नेहमीच्या चालीने हलतात. म्हणजे वेग खरा. एका अर्थी संपूर्ण चित्रपटाची भूमिका या एका निर्णयात आली आहे. नुसते खरे करून भागत नाही, ते खरे असल्याची खूणही प्रेक्षकाला द्यावी लागते.

कॅल्युमेट नदीवरच्या ९५व्या रस्त्याच्या उघडत्या पुलावरून भावांची गाडी झेपावते, तीही खरी. लेक स्ट्रीटवरच्या उन्नत रेल्वेमार्गाच्या खांबांमधून जाणारा पाठलाग खरा. नाझींची लाल पिंटो गाडी अर्धवट बांधलेल्या महामार्गाच्या टोकावरून खाली जाते. ते टोक मिलवॉकीचे. नंतर ती आकाशातून सरळ खाली येताना दिसते. त्यासाठी हेलिकॉप्टरने १,००० फुटांहून अधिक उंचीवर नेऊन ती खरोखर सोडली होती. पडताना ती वाऱ्यावर तरंगत भलतीकडे जाणार नाही, याची चाचणी विमानवाहतूक खात्यापुढे आधी द्यावी लागली. उडू नये म्हणून परीक्षा दिलेली ती बहुधा पहिलीच मोटार असावी.

या नाझींमागेही खरी घटना आहे. शिकागोजवळच्या स्कोकी गावात, जिथे छळछावण्यांतून वाचलेले अनेक ज्यू राहत होते, मोर्चा काढण्याचा हट्ट १९७७ मध्ये एका छोट्या नाझी गटाने धरला होता आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. तीन वर्षांनी चित्रपटाने त्या गटाचे उत्तर वेगळ्या न्यायालयात दिले. एलवूडने आपल्या परवान्यावर खोटा पत्ता म्हणून रिग्ली फील्ड या बेसबॉल मैदानाचा पत्ता दिलेला असतो, आणि ही मंडळी सूड उगवायला थेट मैदानाच्या दारात जाऊन उभी राहतात.

हार्वेचा मॉल

चित्रपटातला सर्वांत प्रसिद्ध पाठलाग एका मॉलच्या आत होतो. दुकानांच्या काचा फोडीत भावांची गाडी पुढे आणि पोलिसांच्या गाड्या मागे. हा मॉल म्हणजे शिकागोच्या दक्षिणेकडील हार्वे गावचा ‘डिक्सी स्क्वेअर’. १९६६ मध्ये उघडलेला हा मॉल अवघ्या बारा वर्षांत, १९७८ मध्ये, बंद पडला. परिसरातले कारखाने आणि पगार ओसरू लागले, गुन्हे वाढले, गिऱ्हाईक दूरच्या नव्या मॉलकडे वळले.

चित्रपटवाल्यांनी त्या ओस वास्तूत पुन्हा दुकाने मांडली, माल भरला, दिवे लावले. काही दिवस तो मॉल पुन्हा चालू असल्यासारखा दिसला, आणि मग मोडून टाकण्यात आला. चित्रीकरण संपले, सामान गेले, वास्तू मात्र तशीच राहिली. पुढची तीसहून अधिक वर्षे ती गळत, जळत, ढासळत उभी होती. २०१२ मध्ये ती पाडली. हार्वेच्या रहिवाशांसाठी डिक्सी स्क्वेअर हे गावाच्या नशिबाचे नाव होते, तर बाहेरच्यांसाठी एक झकास विनोद. दोन्ही एकाच चित्रफितीवर आहेत. दृश्य पाहून हसावे, अवश्य हसावे, पण ओक ब्रूक किंवा फॉक्स व्हॅलीच्या मॉलमध्ये खरेदी करणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की त्या दुकानांची चकाकी उसनी होती आणि शटर आधीच खाली आले होते.

खरे गाणे

खरेपणाचा हाच आग्रह संगीतातही आहे. निर्मितीसंस्थेला त्या वेळच्या लोकप्रिय, तरुण गायकांची नावे हवी होती. बेलुशी, अ‍ॅक्रॉइड आणि लँडिस यांनी मात्र अरीथा फ्रँकलिन, जेम्स ब्राऊन, रे चार्ल्स, कॅब कॅलोवे आणि जॉन ली हूकर यांनाच घेतले. १९७९ मध्ये यांतल्या कित्येकांची कारकीर्द ओहोटीला लागली होती. डिस्कोच्या लाटेत त्यांचे संगीत जुने ठरले होते. कॅलोवे तर सत्तरी ओलांडलेले होते.

ब्लूज हे मुळात स्थलांतरितांचे गाणे. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतून विसाव्या शतकात लाखो कृष्णवर्णीय माणसे कामासाठी उत्तरेकडे आली आणि येताना आपले गाणे घेऊन आली. शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीटवर रविवारचा बाजार भरे. तिथल्या गोंगाटात गिटार ऐकू जावी म्हणून वादकांनी ती विजेवर चालवली, आणि शिकागोचा स्वतःचा ब्लूज घडला. चित्रपटात जॉन ली हूकर याच रस्त्यावर उभे राहून गातात आणि ते गाणे तिथेच, चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रित झाले आहे. जेम्स ब्राऊन यांनीही चर्चमधल्या दृश्यात प्रत्यक्ष गायन केले. अरीथा फ्रँकलिन यांना आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवणे जड गेले, कारण एकच गाणे दोनदा सारखे गाण्याची त्यांना सवय नव्हती. ख्याल ऐकलेल्या माणसाला ही अडचण लगेच उमगेल.

प्रदर्शनाच्या वेळी याच गोष्टीचा फटका बसला. लँडिस यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे, की काही मोठ्या चित्रपटगृहमालकांनी ‘हा चित्रपट कृष्णवर्णीय प्रेक्षकांना आमच्या भागात आणेल’ अशा भावनेने तो घेतला नाही. मोठ्या चित्रपटाला एरवी मिळत त्याच्या निम्म्याहून कमी, म्हणजे ६०० च्या आतच चित्रपटगृहे त्याला मिळाली. १ कोटी ७५ लाख डॉलरचा ठरलेला खर्च त्याहून १ कोटीने वाढला होता आणि समीक्षकांनी उधळपट्टीवर तोंडसुख घेतले. प्रेक्षकांनी मात्र त्याला तारले. परदेशांतही तो जोरात चालला आणि त्या जुन्या गायकांना नवा, तरुण श्रोता मिळाला.

किंमत

एवढ्या धडकांनंतर या चित्रपटाच्या नावावर जीवघेण्या अपघाताची नोंद नाही, हे स्टंट-पथकाचे मोठेच यश. पण त्यावरून ‘खरे करणे नेहमी जमून जाते’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

२३ जुलै १९८२ च्या पहाटे, कॅलिफोर्नियात ‘ट्वायलाइट झोन : द मूव्ही’ या चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. दिग्दर्शक लँडिसच होते. युद्धदृश्यासाठी खरे हेलिकॉप्टर कमी उंचीवर उडत होते आणि खाली खरे स्फोट होत होते. स्फोटाच्या माऱ्यात हेलिकॉप्टर कोसळले आणि अभिनेते व्हिक मॉरो आणि दोन लहान मुले जागीच ठार झाली. मुलांचे वय सहा आणि सात. बालकामगारविषयक नियम डावलून, रात्रीच्या वेळी त्यांना कामावर आणले होते. सदोष मनुष्यवधाच्या खटल्यात १९८७ मध्ये लँडिस आणि इतर चौघे निर्दोष सुटले. त्यानंतर हॉलिवूडने सुरक्षेचे नियम कडक केले. ‘ब्लूज ब्रदर्स’ पाहताना हा पुढचा इतिहास विसरता येत नाही, आणि विसरूही नये. ज्या वृत्तीने पदपथावर माणसे उभी करून वेग सिद्ध केला, त्या वृत्तीला लगाम कोण घालतो, हा प्रश्न तिथेही होताच. बेलुशीही तोवर राहिले नव्हते. अमली पदार्थांच्या अतिसेवनाने ५ मार्च १९८२ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्यांचा मृत्यू झाला. वय ३३. चित्रीकरणाच्या काळातही या व्यसनाने कामाचे तास आणि पैसा गिळला होता.

आपल्याकडचे स्टंटपट

मराठी वाचकाला हा प्रकार परका नाही. ‘स्टंटपट’ हा शब्दच आपल्याकडे रूढ होता. मूकपटांच्या काळात कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेले मास्टर विठ्ठल तलवारबाजी आणि उड्यांमुळे ‘भारताचे डग्लस फेअरबँक्स’ म्हणून ओळखले गेले. १९३१ च्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाचे तेच नायक. १९३५ मध्ये वाडिया मूव्हिटोनच्या ‘हंटरवाली’ने नादियाला घराघरांत पोहोचवले. भगवानदादा, म्हणजे भगवान आभाजी पालव, यांनी ‘अलबेला’च्या (१९५१) आधी कितीतरी स्वस्तातले स्टंटपट काढले. गिरणगावातला कामगार हा त्यांचा हक्काचा प्रेक्षक. कथा तिथेही नावापुरतीच असे आणि समीक्षक तिथेही नाक मुरडत.

किंमतही तिथे होती. १९४२ च्या सुमारास एका चित्रीकरणात भगवानदादांनी ललिता पवार यांना मारलेली थप्पड खरीच आणि फार जोरात बसली. चेहऱ्याच्या एका बाजूला अर्धांगवायू झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला. उपचारांत वर्षे गेली आणि नायिकेची कारकीर्द संपली. त्यांनी पुढे चरित्रभूमिकांत आपले स्थान कमावले, हे त्यांचे कर्तृत्व. पण त्या खाष्ट सासूच्या बारीक झालेल्या डोळ्यावर महाराष्ट्र पिढ्यान्‌पिढ्या बोलत राहिला, तेव्हा तो एका अपघाताकडे पाहत होता, हे फार थोड्यांना ठाऊक होते.

आज

आज गाड्यांचा चुराडा संगणकावर करता येतो आणि त्यात कोणाचे हाडही मोडत नाही. हे चांगलेच आहे. तरीही खऱ्या स्टंटची ओढ संपलेली नाही. ‘द फॉल गाय’ (२०२४) हा तितक्याच पातळ कथेचा चित्रपट तर स्टंट करणाऱ्यांनाच नायक करतो. त्यातली साडेआठ कोलांट्या घेणारी गाडी खरी होती आणि तिने आधीचा सात कोलांट्यांचा विक्रम मोडला. एप्रिल २०२५ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने स्टंट-रचनेसाठी स्वतंत्र पुरस्कार जाहीर केला. तो २०२७ मधील चित्रपटांसाठी २०२८ च्या सोहळ्यात प्रथम दिला जाईल. श्रेयनामावलीच्या तळाशी असलेल्यांना वर यायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

दरम्यान चित्रपटातले शिकागो बरेचसे उरलेले नाही. मॅक्सवेल स्ट्रीटचा बाजार १९९४ मध्ये विद्यापीठाच्या विस्तारासाठी हलवला गेला, आणि अरीथा फ्रँकलिन गातात ते उपाहारगृहही पाडले गेले. डिक्सी स्क्वेअर गेला. १८५८ पासून चाललेला जोलिएटचा तुरुंग २००२ मध्ये बंद झाला आणि २०१८ पासून तो पर्यटकांना मार्गदर्शकासह पाहता येतो. कैद्यांनीच खणून रचलेल्या चुनखडीच्या त्या भिंती पाहायला नेपरव्हिलहून अर्धा दिवस पुरतो. दक्षिण शिकागोतील किनाऱ्यावरची ज्या वास्तूची दर्शनी बाजू शेवटच्या कार्यक्रमासाठी वापरली, ते साउथ शोअर कल्चरल सेंटर दिमाखात उभे आहे. बराक आणि मिशेल ओबामा यांच्या विवाहाचा स्वागतसमारंभ १९९२ मध्ये तिथेच झाला होता.

चित्रपट २ तास १३ मिनिटांचा आहे आणि भाषेमुळे त्याला ‘आर’ प्रमाणपत्र आहे, हे मुलांसह पाहू इच्छिणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. कथेची वाट पाहत बसू नये, ती येणार नाही. लोअर वॅकरचा पाठलाग आला की मात्र गाड्यांवरून नजर जरा बाजूला न्यावी. पदपथावर काही माणसे चालताना दिसतील. शंभर मैलांच्या वेगाने जाणाऱ्या गाडीपासून काही फुटांवर, वेग खरा आहे एवढे पटवून देण्यासाठी, त्यांना तिथे उभे केले होते. त्यांचा चेहरा कळत नाही.